बोट नाही, काठावरूनच बास मासा पकडायचाय. कुणी मार्ग दाखवेल का?

आडगावचा_अनिवासी | २४ मे, रात्री १०:१२

मंडळी, नमस्कार. पाककृती आणि राजकारण सोडून या विभागात पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूसबरीला राहतो. क्विन्सिगमंड तलाव गाडीने दहा मिनिटांवर, शिवाय आसपास लहान तळी पुष्कळ. मुलगा नऊ वर्षांचा. त्याच्या मित्राने शाळेत बास पकडल्याचा फोटो दाखवला, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. मी परवाना काढला, सात फुटी रॉड आणला, रीळ आणलं, दुकानदार म्हणाला ती सगळी रंगीबेरंगी आमिषंही आणली. तीन शनिवार झाले. काठावर उभा राहून जीव खाऊन लांब फेकतो. हाती आतापर्यंत एक फांदी, कुणाचा तरी तुटलेला दोरा आणि किलोभर शेवाळ.

भरीस भर म्हणजे बाबा सध्या आमच्याकडे आलेत, गुहागरहून. त्यांचा परवाना काढलेला नाही, म्हणून ते घडीच्या खुर्चीत बसून असतात. दर दहा मिनिटांनी एकच वाक्य: "मासा तिकडे नाहीये." कुठे आहे ते सांगत नाहीत.

बोट घ्यायची ऐपत नाही आणि इच्छाही नाही. काठावरून बास मिळतो का, की हा बोटवाल्यांचाच खेळ आहे?

मधल्या_वेळचं_खाणं | २४ मे, रात्री १०:२०

वाचनखूण साठवली. मासा मिळाला की कृतीसकट टाका.

काठावरचा_काका | २५ मे, सकाळी ७:०५

आधी तुमच्या बाबांना माझा दंडवत सांगा. ते बरोबर बोलतायत.

मी मिशिगनात, नोव्हायला. बावीस वर्षं काठावरूनच गळ टाकतोय, बहुतेक वेळा केन्सिंग्टन पार्कच्या केंट लेकवर. एकच गोष्ट लक्षात ठेवा. बोटवाले तळ्याच्या मध्यावर जातात आणि तिथून काठाकडे फेकतात. तुम्ही काठावर उभे राहून मध्याकडे फेकताय. मासा दोघांच्या मधे बसून हसत असणार.

आपल्या उत्तरेकडच्या तळ्यांत हिवाळाभर बर्फ असतो. बर्फ गेला की उथळ पाणी आधी तापतं, त्यातही उत्तरेचा काठ, कारण त्याच्यावर ऊन जास्त वेळ राहतं. पाणी ६० ते ६५ फॅरनहाइटच्या आसपास आलं की लार्जमाउथ (मोठ्या तोंडाचा बास) उथळात येऊन अंडी घालतो. नर शेपटीने वाळू झाडून ताटासारखी गोल जागा करतो आणि तिच्यावर पहारा देतो. तुमच्याकडे हे मेच्या शेवटापासून जूनपर्यंत चालतं. म्हणजे सध्या बास तुमच्या पायापासून पाच-दहा फुटांवर आहे आणि तुम्ही त्याच्या डोक्यावरून ऐंशी फूट फेकताय.

तेव्हा पाण्याच्या कडेला जाऊन उभे राहू नका. दहा पावलं मागे थांबा, पहिली फेक तिथूनच करा. नंतर काठाला समांतर टाका, डावीकडे, मग उजवीकडे. पडलेलं झाड, कमळपानांची कड, पाण्यावर वाकलेली झुडपं, बोटीचा धक्का, गवत संपून मोकळं पाणी सुरू होतं ती रेघ, या जागा. उघड्या पाण्यात मासा क्वचित.

आमिषांची पेटी बंद करा. पाच इंची प्लास्टिकचं गांडूळ घ्या आणि गळ त्याच्या बरोबर मध्यातून घाला. वजन काही लावू नका. याला वॅकी म्हणतात. टाकलं की दोन्ही टोकं थरथरत हळूहळू बुडतं. तुम्ही काहीही करायचं नाही. आपल्या लोकांना हेच जड जातं. दोऱ्याकडे बघत राहायचं. दोरा कडेला सरकला की मासा आहे.

टोरांटोची_टिटवी | २५ मे, सकाळी ९:४०

काका, सगळं पटलं, पण घरट्यावरचा मासा पकडायला सांगताय का? आमच्या दक्षिण ऑन्टॅरिओत बासचा हंगाम जून अर्धा उलटल्याशिवाय उघडत नाही, आणि बंदीच्या काळात पकडून सोडायच्या हेतूनेही त्याच्या मागे लागणं बेकायदा आहे. कारण साधं आहे. नर घरट्यावरून उचलला की ब्लूगिल नावाचे लहान मासे टपलेलेच असतात. तुम्ही फोटो काढेपर्यंत ते अंडी साफ करतात.

काठावरचा_काका | २५ मे, सकाळी १०:१५

टिटवीबाई, मुद्दा मान्य. आमच्या मिशिगनात पकडून लगेच सोडायला वर्षभर परवानगी आहे, मॅसॅच्युसेट्समध्येही बासला बंद हंगाम नाही. कायदा राज्यागणिक बदलतो. पण वाळूत गोल ताट दिसलं आणि त्यावर मासा हलत नसला, तर मी स्वतः पुढे जातो. मादी अंडी घालून निघून गेलेली असते, ती आसपासच्या गवतात मिळते. मोठी तीच असते.

मधल्या_वेळचं_खाणं | २५ मे, सकाळी १०:३१

नर घर सांभाळतो आणि मादी बाहेर. हा धागा घरी वाचून दाखवणार नाही.

गरवणारो | २५ मे, दुपारी १:०२

मासो सोडूचो हा तर पकडतास कित्याक?

आडगावचा_अनिवासी | २५ मे, दुपारी १:३०

@गरवणारो, अगदी हेच! शब्द वेगळे, पण बाबांनी काल रात्री जेवताना हेच विचारलं. मी काहीतरी खेळाडूवृत्ती वगैरे बोललो. ते म्हणाले, "खेळायचंय तर कॅरम खेळ."

काका, फार उपकार. सोमवारी मेमोरियल डेची सुट्टी आहे, प्रयोग करतो.

बोस्टनची_बयो | २५ मे, दुपारी ३:१८

मीही मॅसॅच्युसेट्सवाली, नेटिकजवळ. कोचिट्युएट तलावाच्या काठी रविवार काढलेत बरेच. इथल्यापुरतं सांगते.

खायचा विचार असेल तर आधी हे वाचा. राज्याचा आरोग्यसल्ला असा आहे की गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका आणि १२ वर्षांखालच्या मुलांनी इथल्या गोड्या पाण्यातला पकडलेला मासा खाऊ नये. कारण पारा. कोळशाच्या धुरातून हवेत जातो, पावसातून तळ्यात उतरतो, आणि लहान माशातून मोठ्या माशात साठत जातो. बास म्हणजे मोठ्ठा खादाड, त्याच्यात जास्त. तुमचा मुलगा नऊ वर्षांचा, म्हणजे त्याला नाहीच. सरकार तळ्यांत ट्राउट सोडतं, तो मात्र या सल्ल्यातून वगळलेला आहे. क्विन्सिगमंडमध्येही सोडतात. बाबांना हे सांगा, त्यांचं समाधान होईल.

शिसं लावू नका. २०१२ पासून इथल्या तळ्यांत एक औंसाखालची शिशाची वजनं वापरायला बंदी आहे. लून नावाचा पक्षी तळाचे खडे गिळतो, त्यांच्याबरोबर शिसंही, आणि मरतो. टंगस्टनचं किंवा पोलादाचं घ्या.

आणि गोचीड! काठच्या उंच गवतातून आलात की मुलाचे पाय, गुडघ्यामागे, कानामागे, केसांत बघा. गोचीड चावून होणारा लाइम हा रोग ज्या गावाच्या नावाने ओळखला जातो ते गाव इथून दीड-दोन तासांवर कनेक्टिकटमध्ये आहे, त्यामुळे ही माहेरचीच गोष्ट समजा.

वैदर्भीय_वाघ्या | २५ मे, रात्री ९:५५

आमच्या भंडारा-गोंदियात गल्लोगल्ली तलाव, त्यात कोणी पकडून सोडलेला मासा मी अजून पाहिला नाही भाऊ. पण काका म्हणतात ते काठाचं खरं आहे. मरळ असाच. गवतात, कडेला, दबा धरून. आमच्याकडे आता पोरं रबरी बेडूक लावून मरळ काढतात, दुकानातला तो बेडूक मुळात बाससाठीच बनलेला. कमळपानांवरून तुरूतुरू ओढायचा. पाणी फुटलं की लगेच झटका द्यायचा नाही, मनात "जय गजानन" म्हणायचं आणि मग ओढायचं. लगेच ओढलं तर बेडूक तुमच्या तोंडावर.

काठावरचा_काका | २५ मे, रात्री १०:१०

@वाघ्या, "जय गजानन" ही मोजणी आजपासून आमच्याकडेही लागू.

आयटीतला_आळशी | २६ मे, सकाळी ८:००

दीडशे डॉलरचा रॉड, पन्नासचं रीळ, परवाना, पेट्रोल, गोचीड, पारा. आणि शेवटी मासा परत पाण्यात. याला चोचले म्हणतात. कोळंबी दुकानात मिळते हो.

टोरांटोची_टिटवी | २६ मे, सकाळी ८:४५

@आळशी, ट्रेकला जाऊन डोंगर घरी आणता का?

गरवणारो | २६ मे, सकाळी ९:१०

डोंगराच्या तोंडात गळ नाय घालणत.

शाकाहारी_शेवंता | २६ मे, सकाळी ९:३०

गरवणारो यांच्याशी मी आयुष्यात पहिल्यांदा सहमत आहे. भुकेसाठी मारणं मला पटत नाही, पण समजतं. गंमत म्हणून एका जिवाच्या जबड्यात लोखंड घालायचं, मिठी मारून फोटो काढायचा आणि "बघा, सोडला" म्हणून पुण्य मिरवायचं, हे मला समजतही नाही.

(यानंतर १४ प्रतिसाद उडवले आहेत. शाकाहार-मांसाहारासाठी वेगळे धागे आहेत. किती, ते विचारू नका. — संपादक)

बिवाकाठी | २७ मे, सकाळी ६:२०

धाग्याला जरा वेगळं वळण देतो. मी जपानात, बिवा सरोवराजवळ राहतो. इथे उलटा कायदा आहे! शिगा प्रांतात २००३ पासून पकडलेला बास परत पाण्यात सोडायलाच मनाई आहे. काठावर मासे टाकायला पेट्या ठेवलेल्या असतात. बास इथला नाही. १९२५ साली अमेरिकेतून आणून आशी सरोवरात सोडला, पुढे देशभर पसरला आणि इथल्या मूळच्या लहान माशांच्या मुळावर उठला. तेव्हा "सोडणं म्हणजे दया" हे कुठल्या तळ्याकाठी उभे आहात त्यावर ठरतं.

आता गंमत ऐका. लार्जमाउथचा जागतिक विक्रम १९३२ साली जॉर्जियात जॉर्ज पेरी यांनी केला, २२ पौंड ४ औंस. तो ७७ वर्षं टिकला. २ जुलै २००९ ला मानाबू कुरिता यांनी याच बिवात त्याहून किंचित जड मासा काढला, पण नियमाप्रमाणे विक्रम मोडायला निदान दोन औंस जास्त लागतात. म्हणून बरोबरी. @गरवणारो, तुमच्यासाठी खास: पेरींनी तो विक्रमी मासा घरी नेला आणि घरच्यांनी खाल्ला.

गरवणारो | २७ मे, सकाळी ७:००

पेरी आमचोच माणूस.

बोस्टनची_बयो | २७ मे, संध्याकाळी ६:१२

बिवाकाठी, इथेही तसंच आहे म्हणा. लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथ दोन्ही मॅसॅच्युसेट्सचे मूळचे नाहीत, एकोणिसाव्या शतकात आणून सोडलेले. आता इतके रुळलेत की परके कुणाला वाटत नाहीत. (आपल्यासारखेच. दिवे घ्या.)

आडगावचा_अनिवासी | ८ जून, रात्री ९:३३

मंडळी, अहवाल.

सोमवारी प्रयोग केला. काठाला समांतर टाकलं, गांडूळ मधोमध टोचलं, शांत राहिलो. दोन वेळा दोरा सरकला. पहिल्यांदा मी बघतच राहिलो, दुसऱ्यांदा इतक्या जोरात ओढलं की गांडूळ मागच्या मेपलवर जाऊन बसलं. पुढच्या रविवारी काहीतरी लागलं, पण दोरा सुरीने कापावा तसा तुटला.

या शनिवार-रविवारी मात्र वेगळंच झालं. इथे जूनच्या पहिल्या शनिवार-रविवारी परवान्याशिवाय मासेमारी करता येते. म्हणून बाबांच्या हाती मुलाचा लहान रॉड दिला. त्यांनी प्लास्टिकला हात लावला नाही. अंगणातलं खरं गांडूळ खणून घेतलं, त्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, लहान गळ, वर बुचाचा तरंगा. आणि टाकला कुठे, तर पाण्यावर वाकलेल्या झाडाखाली, चार फुटांवर. मी म्हटलं, इथे गुडघाभर पाणी आहे. त्यांनी उत्तर दिलं नाही.

तासाभरात अकरा मासे. सगळे ब्लूगिल आणि पंपकिनसीड, तळहाताएवढे. मुलगा आजोबांच्या शेजारून हलेना. मी माझा दीडशे डॉलरचा रॉड घेऊन (@आळशी, किंमत बरोबर ओळखलीत) लांब उभा. मला शून्य.

काठावरचा_काका | ८ जून, रात्री १०:०२

हाहाहा! दोरा सुरीसारखा तुटला तो पिकरेल असणार, सुळक्यासारखा लांब, तोंडभर दात. गवताळ तळ्यात असतोच. गळ काढताना बोटं सांभाळा.

आणि अकरा ब्लूगिल म्हणजे काय समजलात? ते बासचं जेवण आहे. बाबांनी तुम्हाला स्वयंपाकघर दाखवलंय.

मिनेसोटाचा_मिठू | ८ जून, रात्री ११:२०

काकांच्या एका गोष्टीला विरोध. वॅकी-वॅकी सगळे करतात, पण नवख्याला आणि त्यातून लहान मुलाला "काहीच करू नकोस" सांगून तासभर उभं करणं म्हणजे शिक्षा. मिनियापोलिसमध्ये शहराच्या पोटातच तळी आहेत, हॅरिएट, सीडर, आणि सगळीकडे मासेमारीचे धक्के. तिथे मी मुलीला स्पिनरबेट दिला. फिरत्या पात्यांचा असतो, टाकायचा आणि सरळ गुंडाळायचा. गवतात फार अडकत नाही. वाऱ्याच्या दिवशी ज्या काठावर लाटा आपटतात तिथे जायचं. लोक निवाऱ्याला उभे राहतात, मासा उलट बाजूला असतो, कारण वारा लहान मासे तिकडे लोटतो आणि ढवळलेल्या पाण्यात त्याला आपण दिसत नाही.

दोनशे रुपयांचा गॉगल नको, पोलराइज्ड घ्या. पाण्यावरची चकाकी जाते आणि तळ दिसतो. माझ्या मते रॉडपेक्षा तो महत्त्वाचा.

काठावरचा_काका | ९ जून, सकाळी ६:४५

वाऱ्याचं शंभर टक्के. स्पिनरबेट गढूळ पाण्यात चालेल. निवळशंख तळ्यात, दुपारच्या उन्हात, मी तरी वॅकीच टाकेन. बाकी तुमची मुलगी ऐकत असेल तर तिचंच खरं.

मधल्या_वेळचं_खाणं | ९ जून, सकाळी ८:१५

रच्याकने, तो अकरा ब्लूगिलांचा शेवट काय झाला ते धागाकर्त्याने शिताफीने टाळलंय.

आडगावचा_अनिवासी | ९ जून, सकाळी ८:५०

सोडले. बाबांनी स्वतः सोडले. पाऱ्याचं सांगितल्यावर जरा गप्प झाले. मग म्हणाले, "एवढं नितळ पाणी, आणि विषारी?" त्यानंतर प्रत्येक मासा हात ओला करून धरला. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. विचारलं तर म्हणाले, कोरड्या हाताला त्याचा बुळबुळीतपणा निघून येतो, मग तो जगत नाही. लहान पिल्लू आलं की आम्ही असंच सोडायचो.

गरवणारो | ९ जून, सकाळी ९:२०

ह्यां खरां. पिल्लू आमीव सोडतंव.

शाकाहारी_शेवंता | ९ जून, सकाळी ११:००

बाबांचा प्रतिसाद आवडला. माझं मत बदललेलं नाही.

आडगावचा_अनिवासी | २९ जून, रात्री ८:४०

मूळ प्रश्नाचं उत्तर मिळालं, म्हणून धागा वर काढतोय.

बाबांचा तीन दिवसांचा परराज्यवाल्यांचा परवाना काढला. काल पहाटे पाचला तिघं गेलो, क्विन्सिगमंडला नाही, घरामागच्या लहान तळ्यावर. धुकं होतं. काठापासून लांब थांबलो. बाबांनी आधी तरंगा टाकला, दोन ब्लूगिल काढले. तिसरा वर येत असताना त्याच्या मागून एक काळी सावली आली आणि वळून पडलेल्या झाडाखाली गेली. बाबांनी रॉड खाली ठेवला. मुलाच्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणाले, "आता तुझं ते खोटं गांडूळ टाक. खोडाच्या अलीकडे. पलीकडे नको."

मुलाने टाकलं. जेमतेम पंधरा फूट. गांडूळ बुडायला लागलं, दोरा सैल होता, मग सरळ झाला, मग डावीकडे निघाला. आम्ही दोघंही ओरडलो नाही याचं मला अजून नवल वाटतं. मासा एकदा पाण्याबाहेर पूर्ण उडाला आणि डोकं झाडलं. मुलाने रीळ उलटं फिरवलं, दोरा गुंतला, तरी निसटला नाही. सतरा इंच. जबडा डोळ्याच्या मागेपर्यंत, अंगावर काळा पट्टा, म्हणजे लार्जमाउथच. बारा इंचांपुढचा ठेवता येतो इथे, पण मुलानेच विचारलं, "आजोबा, सोडू?" बाबा त्या माशाकडे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "तुझा आहे, तू ठरव."

सोडला.

आयटीतला_आळशी | २९ जून, रात्री ८:५२

फोटो?

आडगावचा_अनिवासी | २९ जून, रात्री ८:५५

तिघांचेही फोन गाडीत.

आयटीतला_आळशी | २९ जून, रात्री ८:५६

मग नऊ इंच धरतो.

काठावरचा_काका | २९ जून, रात्री ९:३०

अभिनंदन! उत्तरेकडे मासा हळू वाढतो. सतरा इंचांचा बास तुमच्या मुलाएवढ्या वयाचा असू शकतो, सांगा त्याला.

मिनेसोटाचा_मिठू | २९ जून, रात्री ९:४१

आणि तुम्हाला स्वतःला किती मिळाले?

आडगावचा_अनिवासी | २९ जून, रात्री ९:४४

पुढचा प्रश्न.

बोस्टनची_बयो | ३० जून, सकाळी ७:३०

छानच. बाबा कधीपर्यंत आहेत? सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरात पुन्हा ट्राउट सोडतात. तो घरी नेऊन तळा बिनधास्त.

आडगावचा_अनिवासी | ३० जून, सकाळी ८:०५

परतीचं तिकीट २२ सप्टेंबरचं आहे. हे वाचून दाखवल्यावर त्यांनी विमान कंपनीचा नंबर मागितलाय.